शेप्याचा पाचवा वाटा

शेप्या आंबा मी पहिल्यांदा खाल्ला तो पुण्यातल्या वसतिगृहाच्या जिन्यात बसून. माझ्या खोलीत राहणारी नसरीन अकोल्याहून सुट्टी संपवून आली होती. तिच्या पिशवीत मुठीएवढे, पिकूनही हिरवेच राहिलेले चार आंबे होते. मी त्यांची थट्टा केली. मग एक घोळून तोंडाला लावला आणि थट्टा तिथेच थांबली. आधी बडीशेपेचा वास आला, मग गोडी, आणि अगदी शेवटी जिभेच्या कडेला किंचित खारट चव.

"हे कुठल्या दुकानात मिळतात?" मी विचारलं.

"दुकानात?" नसरीन हसली. "अगं, याचं जगात एकच झाड आहे."

ते एकच झाड पाच वर्षं माझ्या डोक्यात उभं होतं.

मी मिरजेची. आमचा छोटा छापखाना आहे. इतर मुलं चिऊ-काऊच्या गोष्टी ऐकत वाढली. मी धरणग्रस्तांची, बंद पडलेल्या सूतगिरणीची आणि पाणीपट्टीवाढीची पत्रकं वाचत वाढले. वडील खिळे जुळवायचे आणि मी ओली प्रूफं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्यामुळे कुठे काही अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो, मग राग येतो.

यंदा मे महिन्यात मी एका चकचकीत फळांच्या दुकानात उभी होते. एकाच जातीचे, एकाच मापाचे आंबे, प्रत्येकाच्या पोटावर गोल चिकटपट्टी. "दुसरा कुठला आंबा नाही का?" असं विचारलं, तर दुकानदार चकित झाला. "दुसरा म्हणजे? आंबा म्हणजे हाच."

त्या दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आंबा खा, कोय जपा!' गावरान आंब्याची कोय लावा आणि तीच चव पुढच्या पिढीच्या हातात द्या, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. पाचशे प्रती छापल्या. वऱ्हाडात जाऊन वाटायच्या आणि जमेल तितके गावरान आंबे चाखायचे, असा बेत होता. मी नसरीनला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "येणार असशील तर लवकर ये. शेप्याचं झाड यंदा शेवटचं देतंय. आंबे उतरवले की तोडणार आहेत."

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसले.

अकोला

मेअखेरीच्या अकोल्याबद्दल आमच्याकडच्या लोकांना काही सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांना ते खोटं वाटतं. सकाळी नऊला हातपंपाचा दांडा धरवत नाही. रस्त्यावरची माणसं डोकं, कान, तोंड दुपट्ट्यात गुंडाळून फिरतात. फक्त डोळे दिसतात, आणि त्या डोळ्यांवरून एकमेकांना ओळखून हाकाही मारतात. मी तशाच गुंडाळलेल्या अवस्थेत स्थानकावर आणि बसस्टँडवर दोनशे पत्रकं वाटली आणि विजयी मुद्रेने नसरीनच्या घरी पोचले.

घरात कूलरसमोर नसरीनचे रहीमचाचा बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, जातीचे बागवान. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या झाडांचा बहार घेतला, आंबे उतरवले, आढ्या घातल्या, कलमं बांधली. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत, छापखान्याच्या नावासकट वाचलं.

"बेटा, हे कोनं लिवलं?"

"मी."

"छपाई एक नंबर हाय," चाचा म्हणाले. "गोठ चुकीची हाय."

मला पत्रकातल्या मजकुरावर वाद घालायची सवय आहे. त्यामुळे मी सरसावून बसले. पण चाचांनी वाद घातलाच नाही. ते भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

"कोय लावली त झाड येईन. आंबे बी लागतीन. पन शेप्या नाई येईन. कोय म्हंजे शेप्याची पोरगी. पोरगी मायसारखीच निंगते काय दर वक्ती? अन् बाप कोन, ते त कोनालेच ठाव नाई. वाऱ्यानं आनला का माश्यायनं आनला."

"मग तोच आंबा परत कसा आणायचा?"

"काडीनं. शेप्याची काडी कापाची अन् दुसऱ्या रोपाच्या मानेवर बांधाची. तवाच शेप्या शेप्या राह्यते."

"मग तुम्ही बांधलं नाहीत? इतक्या वर्षांत?"

चाचांनी कूलरकडे पाहिलं. "तीन डाव बांधलं. दोन कलमं बकरीनं खाल्ली. एक रस्ता रुंद केला त्याच्यात गेलं. मंग वाटलं, झाड हाय नं उभं, कायची घाई हाय?"

"चला तर मग, आता कापून आणू काड्या!"

"आता?" ते हसले नाहीत. "ह्या उन्हात काडी घरी येईलोक वायून जाईन. आखाडात घ्या लागते, पानी पडल्यावर. अन् ज्याच्या वावरात ते हाय, तो भाऊराव त झाड मिरगाच्या आंधी कापून राहिला."

हिशेब साधा होता. काड्या मिळायच्या तर झाड आणखी दोन महिने उभं राहायला हवं होतं. आणि ते आठवड्यात पडणार होतं.

ज्या घरात प्रुफातली एक वेलांटी चुकली तरी वडील फर्मा पुन्हा उघडायचे, त्या घरातली मी. मी दुपारभर बसून उरलेल्या तीनशे पत्रकांवर हाताने शुद्धिपत्र लिहिलं: 'कोय लावा, पण त्या रोपावर मूळ झाडाची काडी बांधा. नुसत्या कोयीतून तीच चव येत नाही. आधीची चूक माझी.' नसरीनने शंभर लिहून दिली. मला रडू येत होतं ते वाटून झालेल्या दोनशेंसाठी.

"दोनशे लोकांना मी चुकीचं सांगितलं, चाचा. त्यांना आता कुठे गाठू?"

"फिकर नोको करू, बेटा," चाचा म्हणाले. "त्यायनं वाचलंच नसन. आतालोक भजे बांधले असतीन त्याच्यात."

बार्शीटाकळी

शेप्याची उतरणी दोन दिवसांवर होती. मधला दिवस चाचांनी मला बार्शीटाकळीकडची झाडं दाखवायला खर्च केला. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाचे दिवस थोडे आले असतील.

आमच्याकडे गाई-म्हशींना नावं असतात. इथे झाडांना असतात. खोबऱ्या, शेंद्र्या, तेल्या, गोट्या, साखऱ्या. ही जातींची नावं आहेत असं मी आधी समजत होते. पण प्रत्येक नाव एकेका झाडाचं निघालं. शेंद्र्या म्हणजे ओढ्याकाठचा तो, शेंदरी गालाचा. तेल्या म्हणजे मारुतीमागचा, ज्याची साल तेल लावल्यासारखी चमकते. लोक झाडांबद्दल नातेवाइकांसारखं बोलतात. "आमच्या खोबऱ्यानं यंदा नाक कापलं," एक आजोबा तक्रार करत होते, "मोहोर एवढा आन्ला, अन् आंबे पाहा त धा." चाचांना प्रत्येक झाडाचा इतिहास ठाऊक होता. कोणता कैरीतच गोड, कोणता फक्त लोणच्याचा, कोणता वर्षाआड झोपतो.

संध्याकाळपर्यंत मी अकरा वेगवेगळे आंबे खाल्ले. अकराच्या अकरा चवी मला आजही वेगळ्या आठवतात. त्या चिकटपट्टीवाल्या दुकानदाराला हाताला धरून इथे आणावं आणि एकेका झाडाखाली उभं करावं, असं मला पुनःपुन्हा वाटत होतं.

दुपारचं जेवण चाचांच्या ओळखीच्या एका घरी झालं. काकूंनी ताटात रस वाढला आणि शेजारी सरगुंडे. गव्हाच्या पिठाची ओली दोरी काडीला गुंडाळून, सुकवून, उकडलेल्या त्या पोकळ नळ्या. सरगुंडा रसात बुडवला की रस नळीत शिरतो आणि चावला की तोंडात सुटतो. आमच्याकडे रसाबरोबर पुरी असते आणि रसात वेलदोडा. काकूंना मी वेलदोड्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"वेलदोडा? कायले? आंब्याले सोताचा वास नाई काय तुमच्याकळे?"

मी ताट पुढे केलं आणि आणखी रस वाढून घेतला.

माझी फजितीही तिथेच झाली. झाडावरून नुकताच पडलेला एक पाडाचा आंबा मी उचलला आणि उत्साहाने थेट तोंडाला लावला. देठाचा चीक आधी पिळून टाकायचा असतो, हे कापून काट्याने खाल्लेल्या हापूसने मला कधी शिकवलंच नव्हतं. खालचा ओठ भाजला आणि तासाभरात टम्म सुजला. काकूंनी त्यावर साय लावली, हसू दाबत. दुसऱ्या दिवशी ज्या तोंडाने मला झाडाची बाजू मांडायची होती, ते असं झालं.

मूर्तिजापूरवरून दर्यापूरकडे

मूर्तिजापुरात आम्ही जीपमध्ये बसलो. मधल्या रांगेत पाच जण, मागे किती ते मोजता आलं नाही. गावाबाहेर शकुंतला या बंद पडलेल्या छोट्या आगगाडीचे अरुंद रूळ गवतात बुडालेले दिसले. मग काळी जमीन सुरू झाली, डोळा पोचेल तिथवर सपाट, उन्हाने भेगाळलेली. हा खारपाणपट्टा. बोअर मारली तर मिठाचं पाणी लागतं. बाभळी दिसत होत्या, एखाद-दुसरा कडुलिंब. आंब्याचं झाड एकही नाही.

"इथे आंबा कसा जगला?" मी चाचांना विचारलं.

"तेच त! साऱ्या मुलुखात एकटा हाय. खारं पानी पिते अन् गोड आंबा देते."

त्या शेवटच्या खारट चवीचा उलगडा मला पाच वर्षांनी जीपमध्ये झाला.

मी पत्रकं वाटली. मांडीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसलेल्या एका बाईने आख्ख्या जीपला ऐकू जाईल असं पत्रक वाचलं, हाताने लिहिलेल्या शुद्धिपत्रासकट. मग विचारलं, "ते काडी कोन बांधून देईन?"

"मी," चाचा म्हणाले.

"मंग लावतो कोया. पिशव्या हायेतच." आणि तिने पत्रकाची नीट चौकोनी घडी घालून पोलक्यात ठेवली. भजी बांधायला नव्हे, हे मला दिसत होतं.

 बऱ्याच वेळाने चाचांनी मला शेप्याची रीत सांगितली. झाड भाऊरावांच्या वावरात असलं तरी ते एकट्या भाऊरावांचं नाही. पणजोबांनी लावलेलं, त्यामुळे चार घरांचा त्यात वाटा. आंबे उतरले की झाडाखाली वाटे पडतात, पण चार नाही, पाच. पाचवा वाटा पाठमोऱ्याचा. म्हणजे जो माणूस वाट्यांकडे पाठ करून बसतो आणि कोणता वाटा कोणाचा ते न पाहता सांगतो, त्याचा. तो घराबाहेरचा असावा लागतो, म्हणजे पक्षपात होत नाही. गेली चाळीस वर्षं तिथे चाचाच बसत आले होते.

"मागच्या साली भाऊरावनं वाटनीच्या वक्ती इचारलं, पुढच्या बहारानंतर झाड काढू काय? त्याच्या घरचा नेम हाय, पाची वाटेकऱ्यायचं हो असल्याबिगर कुऱ्हाड लावत नाई. चारी घरं हो म्हनली. मंग माह्याकळे पाह्यलं." चाचा खिडकीबाहेर पाहत होते. "त्याच्या सावलीत बसलो होतो, बेटा. त्याच्या घरचं पानी पेलो होतो. नाई कसा म्हनू? हो म्हनलो. आता जबान देल्ली, ते देल्ली."

झाडाखाली

शेप्या दिसला आणि मी जीपमधून उतरायचीच विसरले. त्या सपाट काळ्या रानात तो एकटा इतका मोठा होता की त्याच्या सावलीत दोन बैलगाड्या, एक मोटार आणि वीसेक माणसं होती आणि तरी जागा उरली होती. जाळी बांधलेले लांब बांबू वर चढत होते आणि आंबे घेऊन अलगद उतरत होते. खाली गोणपाटावर हिरवी रास वाढत होती. हवेला बडीशेपेचा वास होता.

भाऊराव पन्नाशीचे, उंच, सडपातळ. त्यांनी चाचांना मिठी मारली, मला पाणी दिलं, आणि मी सुजल्या ओठाने भाषण सुरू केलं. वारसा, जैवविविधता, बाजाराची हुकूमशाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले. "मंग इकळे या."

त्यांनी मला झाडाच्या उत्तरेला नेलं. तिथे एक जाड फांदी कमरेएवढ्या उंचीवर आडवी धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेली होती. जमिनीत चाकाचे खोल चर होते.

"हार्वेस्टर अठीच अडकते, दर साली. वळतच नाई. सोयाबीन हातानं सोंगाले मानसं भेटत नाईत. अन् ते वानरं! याच्यावर मुक्काम करतात अन् माही तूर खातात. तुमी आज आल्या, उद्या जासान, बाई. वानरं अठीच राह्यतीन."

मी चर पाहिले. तुरीच्या खुंटांची उजाड पट्टी पाहिली. माणूस खोटं बोलत नव्हता. माझ्या पत्रकात वानरांचा परिच्छेद नव्हता, आणि त्याची मला लाज वाटली.

"कोनी वाईट नाई वाटून घ्याचं," भाऊराव म्हणाले. "मले का मजा येऊन राहिली? याच्याच झोक्यावर वाढलो मी."

रास पुरी झाली. भाऊरावांच्या चुलत्यांच्या पत्नी शांताकाकू, पासष्टीच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या, वाटे घालायला बसल्या. एक आंबा इकडे, एक तिकडे. मोठा, मध्यम, डागी, सगळं सारखं. अमरावतीहून मोटारीने आलेले एक भाऊ आणि मूर्तिजापूरचे दुसरे, हे उरलेल्या दोन घरांचे. पाच राशी तयार झाल्या. काकूंनी हाक मारली, "चला चाचा, बसा पाठ करून."

चाचा गुडघा धरून उभे राहिले. "माहे गुडघे गेले आवंदा. हे पोरगी बसन. बाहेरची हाय, मिरजेची. हिच्याहून बाहेरचं कोन भेटन?"

"बसू द्या," भाऊराव म्हणाले. "काय फरक पळते."

मी राशींकडे पाठ करून, काळ्या रानाकडे तोंड करून मांडी घातली. मागे काकूंची बांगडी वाजली.

"हा कोनाचा?"

"मूर्तिजापूरच्या भाऊंचा."

"अन् हा?"

"शांताकाकूंचा."

"बरं झालं, माई! याच्यात डागी कमी हायेत," काकू म्हणाल्या आणि मागे हशा पिकला. मग अमरावती. मग भाऊराव.

"हा कोनाचा?"

नावं संपली होती. पाचवा चाचांचा, असं मी धरूनच चालले होते. "चाचांचा."

"असं कसं? पाठ करून त तुमी बसल्या नं!" काकू म्हणाल्या. "पाठमोऱ्याचा वाटा. यंदाच्या वाटेकरी तुमी."

मी वळून पाहिलं. चाचा चष्मा पुसत होते. फार मन लावून पुसत होते, आणि माझ्याकडे मुळीच पाहत नव्हते. गुडघा धरायचाही विसरले होते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या माणसाने शब्द दिला होता आणि जो तो मोडणार नव्हता, त्याने आपली जागाच दुसऱ्याला दिली होती.

भाऊराव हात झटकत उठले. "चला. झाड उतरलं. मानसं परवा येतीन कापाले. साऱ्यायचं हो हायच."

"माझं नाही," मी म्हणाले.

बांबू गोळा करणारे थांबले.

"तुमचं?" भाऊरावांना खरोखर कळलं नाही. "तुमचं काय?"

"मी यंदाची पाचवी वाटेकरी. पाची जणांचा होकार लागतो ना? मला तुम्ही विचारलंच नाहीत. आणि विचारलंत, तर माझं उत्तर नाही असं आहे."

"ते मागच्या सालीच झालं. चाचानं हो म्हनलं होतं!"

"म्हनलो होतो," चाचा म्हणाले. "माहा शब्द जागेवर हाय. पन यंदा मी कुठी बसलो? यंदाची वाटेकरी हे."

 मग शांताकाकू हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"भाऊ, तुह्याच बापानं केला नं हा नेम! त्याच्या मोठ्या भावानं खोड इकाले काढलं तवा तोच अठी उभा राहून म्हने, पाचायचं हो पाह्यजे. आता घे!"

"काकू, तुमी त हो म्हनल्या होत्या."

"मी म्हनली. मले कोन इचारते म्हून म्हनून देल्लं. हे पोरगी नाई म्हनते त मले बरं वाटून राहिलं, सांगून ठेवतो."

भाऊराव झाडाला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेले. मी मागोमाग गेले, चाचाही आले. मला वाटलं, आता मला रागावतील. मी तयार होते; बोलण्यासारखं बरंच होतं माझ्याकडे. पण मी पहिल्यांदाच ते सगळं गिळलं आणि ती आडवी फांदी हाताने चाचपली.

"हीच एक फांदी अडवते ना?" मी विचारलं. "ही काढली तर हार्वेस्टर वळेल?"

भाऊराव पावलं टाकत धुऱ्यापर्यंत गेले, तिथून वळले, पुन्हा आले. एक हात पुढे धरून ते स्वतः हार्वेस्टर झाले होते. दोनदा वळून पाहिलं.

"वळन," शेवटी ते म्हणाले.

"मी काढून देतो," चाचा म्हणाले. "अशी काढतो का जखम सालभरात भरून निंगन."

"अन् वानरं?"

"वानरं लिंबावर बसतीन, बापा!" मागून काकूंचा आवाज आला. "तुरीच्या वक्ती आंबा असते काय झाडाले? ते तुह्या तुरीसाठी येतात, झाडासाठी नाई."

मूर्तिजापूरचे आणि अमरावतीचे भाऊही हसायला लागले. भाऊरावांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग वर, पानांच्या त्या डोंगराकडे. चेहरा कडक ठेवायचा त्यांचा प्रयत्न मला स्पष्ट दिसत होता, आणि तो फसत होता.

"एक साल," ते म्हणाले. "एकच. पुढच्या वाटनीले परत इचारीन."

"विचारा," मी म्हणाले. "मीच बसणार आहे."

लहानपणापासून मी मोर्च्यांत चालले, निवेदनं दिली, घोषणा दिल्या. त्यातल्या किती गोष्टी जिंकल्या ते मी सांगत नाही, वडिलांना वाईट वाटेल. पण त्या दुपारी, सुजलेल्या ओठाने, माझ्या वाट्याच्या आंब्यांच्या राशीवर हात ठेवून मी उभी होते आणि झाडही उभं होतं.

आंबे मी वाटेतच वाटून टाकले. परतीच्या जीपमध्ये प्रत्येकाला एक. आधी चीक काढा, असं प्रत्येकाला बजावून सांगितलं, आणि माझ्या ओठाकडे पाहून सगळ्यांनी ते ऐकलं.

आषाढात, पुन्हा

पाऊस लागून राहिल्यावर मी परत गेले. काड्या कापण्याआधी दहा दिवस त्यांची पानं कातरून ठेवायची असतात, म्हणजे डोळे फुगतात. ते काम भाऊरावांनी स्वतः केलं होतं, शिडीवर चढून, देठ राखून, चाचा फोनवर सांगतील तसं. चाचा काडी हातात फिरवत म्हणाले, "बागवानाच्या घरी जन्माले याले पाह्यजे होता हा." भाऊराव लाजले.

पण रोपं? काड्या बांधायच्या कशावर, हे मला रात्रंदिवस छळत होतं. त्या सकाळी आम्ही उतरलो, तर चाचा येणार हे ऐकून दर्यापूरच्या स्टँडवर ती जीपमधली बाई उभी होती. पायाशी दोन पाट्या. त्यांत दुधाच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीतून तांबूस कोवळ्या पानांचं एकेक रोप.

"तुमीच लिवलं होतं नं, कोया लावा म्हून," ती म्हणाली. "लावल्या. अठ्ठावीस हायेत. आता बांधा."

चाचांनी शांताकाकूंच्या ओसरीवर बसून अठ्ठावीस कलमं बांधली. रोपाच्या मानेत चीर, काडीला पाचर, वर पट्टी.  त्यातली एकवीस धरली. चार आता चार घरी आहेत, काही त्या बाईकडे, दोन बार्शीटाकळीच्या काकूंकडे, आणि एक चाचांच्या अंगणात, जिथे नसरीनने भोवती एवढं काटेरी कुंपण केलं आहे की बकरी काय, चाचाही आत जाऊ शकत नाहीत. एक मिरजेला आलं. छापखान्याच्या मागच्या दाराशी आहे. वडील त्याला रोज पाणी घालतात आणि त्यात चिमूटभर मीठ टाकायचं का, असं विचारतात.

श्रावणात एका सकाळी भाऊरावांचा फोन आला. आवाज औपचारिक होता.

"बाई, शेप्याची एक फांदी वायली हाय. शेंड्याकळची. काढाची म्हनतो. काकूचं हो हाय. अमरावतीचं, मूर्तिजापूरचं बी हो हाय. माहं हायच." ते थांबले. "तुमचं काय?"

मी छापखान्यात होते. हात शाईने भरले होते. मी मशीन बंद करायला सांगितलं, कारण अशा गोष्टीचं उत्तर गोंगाटात देऊ नये.

"वाळकीच आहे ना, भाऊराव?"

"आता खोटं सांगीन काय तुमाले? थांबा, फोटो पाठोतो."

फोटो आला. हिरव्यागार झाडात एक करडी फांदी, आणि ती मला नीट दिसावी म्हणून तिच्याकडे रोखलेलं भाऊरावांचं बोट. मी तो मोठा करून पाहिला. डहाळी डहाळी तपासली. एकही हिरवं पान नव्हतं.

मग मी हो म्हणाले.